घाटात बंद पडणाऱ्या गाडीसाठी फ्युएल प्रेशर गेज किट: कुठलं घ्यावं आणि काटा काय सांगतो

पुण्याहून येताना खंबाटकीचा चढ निम्मा झाला की गाडी दोन गचके देते, पिकअप जातो आणि पुढच्या वळणावर इंजिन बंद. मागे कंटेनर, बाजूला कठडा. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की एका सेल्फमध्ये चालू, आणि मग साताऱ्यात पोवई नाक्यापर्यंत काही म्हणजे काही होत नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजात तीच गाडी गरीब गाईसारखी उभी. मग निदान अंदाजावर चालतं. ‘पंप गेलाय’, नाहीतर ‘पेट्रोलात कचरा आलाय’. पंप असेंब्ली बदलतात, काही हजार जातात, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तोच घाट, तेच वळण.

पंपाला हात लावायच्या आधी जी वस्तू लावायला हवी, तिचा हा रिव्ह्यू. फ्युएल प्रेशर गेज किट, म्हणजे इंजिनाकडे पेट्रोल किती दाबानं येतंय ते काट्यावर दाखवणारा मीटर आणि त्याचे जोड. ऑनलाइन साधारण दीड-दोन हजारांपासून मिळतं, प्लास्टिकच्या लाल किंवा काळ्या पेटीत येतं, आणि नावं वेगवेगळी असली तरी निम्म्याहून अधिक किटं एकाच साच्यातून निघाल्यासारखी दिसतात. म्हणून इथे ब्रँडपेक्षा पेटीत काय आहे आणि ते आपल्याकडच्या गाड्यांना कितपत बसतं, यावर बोललेलं बरं.

आधी एक शंका दूर करू. ‘स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारं यंत्र) आहे की, मग गेज कशाला?’ साध्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) पेट्रोल गाडीत, म्हणजे रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत, इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर, म्हणजे रेलवर, प्रेशर सेन्सरच नसतो. जे गाडीच मोजत नाही ते स्कॅनर कुठून दाखवणार? तो फार तर पी०१७१ हा कोड दाखवेल, म्हणजे मिश्रण पातळ झालंय, पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोलच्या प्रमाणात करत असलेली दुरुस्ती, चढावर अधिक २० टक्क्यांच्या पुढे गेलेला दिसला तर संशय पक्का होतो, पण तो संशयच. पेट्रोल खरंच कमी पोचतंय की कुठूनतरी हवा आत शिरतेय, हे स्कॅनर सांगत नाही. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शनच्या नव्या टर्बो गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या रेलला सेन्सर असतो, पी००८७ (रेलमधलं प्रेशर कमी) सारखा कोड येतो, आणि त्यांच्या हाय-प्रेशर बाजूला हे किट लावायचंही नसतं.

पेटीत काय असतं आणि काय नसतं

गेज ० ते १० बारचा, म्हणजे १४०-१४५ पीएसआयपर्यंत. सोबत नळी, हवा-पेट्रोल काढून टाकायचं बटण आणि त्याची बारीक पारदर्शक नळी, काही टी-जोड, पितळी अडॅप्टर, क्लिपा. इथेच पहिली फसगत होते. स्वस्त किट श्रेडर व्हॉल्व्हच्या भरवशावर बनवलेलं असतं. टायरच्या व्हॉल्व्हसारखं ते तोंड काही परदेशी गाड्यांच्या रेलवर असतं. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत ते सहसा नसतं. टाकीकडून येणारी प्लास्टिकची नळी क्विक-कनेक्टरनं (‘टक्’ करून बसणाऱ्या लॉकच्या जोडानं) थेट रेलला जोडलेली असते. त्यामुळे किटमध्ये क्विक-कनेक्टरचे टी-जोड नसतील तर बाकीची पन्नास अडॅप्टरं शोभेची.

घेताना माप बघायचं. ७.८९ मिलिमीटर (५/१६ इंची) आणि ६.३० मिलिमीटर, हे दोन क्विक-कनेक्टर जोड असलेच पाहिजेत. ९.४९ असेल तर उत्तम. वर्णनात ‘युनिव्हर्सल’ लिहिलंय आणि मापं दिलेली नाहीत, अशा किटवर पैसे घालू नयेत.

दुसरी कमतरता नळीची. बहुतेक किटांची नळी दोन-अडीच फुटांची. बॉनेट बंद करून काटा काचेवरून दिसायला हवा असेल तर पाच-सहा फूट लागते. एमआयडीसीत, साताऱ्यात असो नाहीतर कुपवाडला, होज क्रिम्प करून देणारे असतात, पण त्यांच्याकडे पडलेली कुठलीही हायड्रॉलिक नळी लावून घेऊ नये, कारण ती तेलासाठी असते. पेट्रोल इंजेक्शनसाठी नळीवर एसएई जे३० आर९ असं छापलेलं हवं. आर७ ही कार्ब्युरेटरच्या जमान्यातली, तिची क्षमता ५० पीएसआयच्या आसपास. आपलं काम ४४ ते ५८ पीएसआयवर चालतं, म्हणजे ती काठावरच जाते. किटसोबत आलेल्या नळीवर काहीच छापलेलं नसेल तर ती पहिल्याच दिवशी बदललेली बरी. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात हलकं रबर फुगतं, चिकट होतं, आणि जोडातून घाम फुटल्यासारखं पाझरायला लागतं.

काट्याच्या अचूकपणाबद्दल फार अपेक्षा नको, पण खात्री करून घेता येते. नळीत पेट्रोल एकदाही गेलेलं नसताना, कोरड्या अवस्थेत, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला जोडून ४० पीएसआय भरायचं आणि त्याच्या डिजिटल मीटरशी ताडून बघायचं. एक-दोन पीएसआयचा फरक चालतो. चार-पाचचा असेल तर परत पाठवा. पेट्रोल लागलेली नळी मात्र कॉम्प्रेसरला कधीच जोडू नये.

लावायची पद्धत

इंजिन थंड, गाडी उघड्यावर, जवळ पावडरचा अग्निशामक. बिडी-सिगारेटचा प्रश्नच नाही. फ्यूजच्या झाकणावरच्या नकाशात फ्युएल पंपाचा रिले (पंपाला करंट देणारा स्विच) किंवा फ्यूज शोधून काढायचा, इंजिन चालू करायचं, ते दम तोडून बंद पडतं, मग आणखी दोन-तीनदा थोडा थोडा सेल्फ. लाइनमधलं प्रेशर उतरलं. तरी जोडाभोवती फडकं गुंडाळूनच लॉक दाबायचा, कारण थोडं पेट्रोल उडतंच. प्लास्टिकचा लॉक जुन्या गाड्यांत कडक झालेला असतो. पक्कडीनं ओढला तर कान तुटतो आणि मग अख्खी नळी बदलायची वेळ येते. जोडावरची धूळ आधी ब्रश आणि हवेनं साफ केली, दोन बोटांनी कान दाबून नळी आधी आत ढकलली आणि मग बाहेर ओढली, की सुटते.

टी-जोड बसवला की प्रत्येक टोकाला ‘टक्’ आवाज आला पाहिजे. ओढून बघायचं. रिले परत लावून दोन-तीनदा नुसती चावी ऑन करायची, सेल्फ नाही. प्रत्येक वेळी मागून दोन सेकंद पंपाचा ‘घूंऽऽ’ आवाज येतो. टॉर्च मारून सगळे जोड बघायचे. थेंब दिसला तर तिथेच थांबायचं. बटण दाबून नळीतली हवा बाटलीत काढून टाकायची, नाहीतर काटा उगाच नाचतो.

काटा वाचायचा कसा

बहुतेक एमपीएफआय पेट्रोल गाड्यांत प्रेशर ३ ते ४ बारच्या दरम्यान असतं. नेमका आकडा ज्याच्या त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलचा. ३ बारवाल्या गाडीत ३ ठीक, पण ४ बारवाल्या गाडीत तोच ३ म्हणजे आजार.

चावी ऑन केल्यावर दोन सेकंदांत काटा जागेवर जायला हवा. तीन-चार वेळा चावी फिरवल्यावर कसाबसा चढत असेल तर पंप थकलाय, त्याच्या तोंडाची गाळणीची जाळी तुंबलीय किंवा टाकीच्या आतच कुठे गळती आहे. इंजिन चालू केल्यावर काटा स्थिर राहिला पाहिजे. रेस देऊन ३००० आरपीएमला नेलं तर पाव बारपेक्षा जास्त पडता कामा नये. एवढं बघून ‘सगळं ठीक आहे’ म्हणत किट पेटीत ठेवणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि इथेच सगळं घोडं पेंड खातं. उभ्या गाडीत इंजिन पेट्रोल पितं ते नखभर. चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून, चार माणसं बसलेली असताना ते कित्येक पट पितं. अर्धवट तुंबलेली जाळी उभ्या गाडीला पुरेसं पेट्रोल देते आणि घाटात देत नाही.

म्हणून लांब नळी. नळी बॉनेटच्या मागच्या, वायपरकडच्या फटीतून बाहेर काढायची, ती कुठे चिमटत नाही आणि एक्झॉस्टला लागत नाही हे बघून बॉनेट पूर्ण बंद करायचं, गेज काचेच्या बाहेरून वायपरखाली अडकवायचा. केबिनच्या आत गेज आणायचा नाही. प्रेशरखालचं पेट्रोल माणसं बसतात तिथे नको. ही फेरी खंबाटकीत किंवा यवतेश्वरच्या वळणांवर मारायची नाही. एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून पूर्ण रेस दिली की इंजिनवर तसाच ताण येतो. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं काट्यावर डोळा ठेवायचा.

आता खरी मेख. गाडी बंद पडते त्या क्षणी काटा कुठे आहे?

काटा आधी पडला आणि मग इंजिन बंद पडलं, तर दोष पेट्रोलच्या पुरवठ्यात. इंजिन बंद पडलं आणि काटा आपल्या जागेवर तसाच उभा, तर पेट्रोल निर्दोष. दोष दुसरीकडे: क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय की नाही ते सांगणारा), इग्निशन, थ्रॉटल बॉडी, वायरिंग. या एका निरीक्षणासाठी किटचे पैसे वसूल होतात. गरम झाल्यावर दगा देणारा क्रँक सेन्सर आणि गरम झाल्यावर दगा देणारा पंप, दोघांची लक्षणं ड्रायव्हरला अगदी सारखी वाटतात: गरम गाडी बंद, दहा मिनिटांनी चालू. सेन्सर मेला की ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) पंपाचा रिलेही तोडतो, त्यामुळे ‘पंपाचा आवाज येत नव्हता, म्हणजे पंपच’ असा निष्कर्ष निघतो. पण त्या क्षणी इंजेक्टरही थांबलेले असतात आणि पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पेट्रोल धरून ठेवतो, म्हणून काटा पडत नाही. उलट रिले किंवा पंपाची वायर सुटली तर पंप थांबला तरी इंजेक्टर चालू असतात. ते लाइनमधलं उरलंसुरलं पेट्रोल ओढून घेतात, काटा झपकन खाली येतो आणि त्यामागून इंजिन जातं. फरक सेकंदाभराचा, पण काट्यावर स्वच्छ दिसतो. सेन्सरच्या बाबतीत आरपीएमचा काटाही इंजिन फिरत असतानाच शून्यावर कोसळतो. तीही खूण लक्षात ठेवावी.

काटा पडण्याच्या तऱ्हाही बोलक्या असतात. ताण दिला की थरथरत हळूहळू उतरतो, रेस सोडली की परत चढतो, तर पंपाच्या तोंडाची जाळी. गाडी बंद झाल्यावर ओढ थांबते, जाळीला चिकटलेला गाळ सुटून तळाला बसतो, म्हणून दहा मिनिटांनी गाडी चालू. तासाभराच्या ड्रायव्हिंगनंतर नुसत्या आयडलवरही काटा खाली राहिला आणि थंड झाल्यावर पूर्ववत झाला, तर पंपाची मोटर. टाकीतला पंप पेट्रोलातच थंड होतो. कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचा पंप म्हणूनच लवकर जातो.

तिसरी तऱ्हा फक्त चढावर. टाकी पावपेक्षा कमी असताना घाटात बंद, अर्धी असताना बिनतक्रार. पेट्रोल चढावर टाकीच्या मागच्या कडेला जातं. ते पंपाखालून सरकू नये म्हणून पंप असेंब्लीला एक वाटी असते आणि ती सतत भरत ठेवायला बऱ्याच गाड्यांत एक बारीक जेट असतो. जेट गाळानं बुजला की सपाटीवर काही कळत नाही, चढावर वाटी रिकामी होते आणि पंप हवा ओढतो. सांगलीच्या सपाट रस्त्यांवर वर्षभर गुण्यागोविंदानं चालणारी गाडी पसरणी घाटात रुसते, त्यामागे कधी कधी हेच असतं. अशा वेळी असेंब्ली बाहेर काढून वाटी, जेट आणि टाकीचा तळ साफ केला तर मोटर बदलावी लागत नाही. काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं, काहींत टाकीच उतरवावी लागते. मजुरी त्यावर ठरते. बऱ्याच गाड्यांत फिल्टर आणि रेग्युलेटर (प्रेशर ठरावीक ठेवणारा भाग) असेंब्लीतच बसवलेले असतात, त्यामुळे ‘फिल्टर तेवढा बदला’ ही मागणी प्रत्येक गाडीत पुरी होत नाही.

चौथं, झाकणाचं. तासभर चालून बंद पडलेल्या गाडीचं पेट्रोलचं झाकण उघडताना ‘सूंऽ’ करून हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर टाकीचा श्वास कोंडलाय. व्हेंटची नळी किंवा कॅनिस्टर (टाकीतली पेट्रोलची वाफ शोषणारा डबा) तुंबलेलं. याला गेजही लागत नाही, नुसता कान लागतो.

इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटं काटा बघायचा. थोडा उतरणं चालतं. झरझर शून्याकडे गेला तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. किटच्या टी-जोडाला बंद करायची चावी असेल तर टाकीकडची बाजू बंद करून बघता येतं: तरीही पडतोय म्हणजे इंजेक्टरकडे दोष, थांबला म्हणजे टाकीकडे. चावीवालं किट दोन-चारशे रुपयांनी महाग मिळतं, पण तेच घ्यावं. प्लास्टिकची नळी चिमट्यानं दाबून हीच चाचणी करणारे महाभाग आहेत. नळीला चीर पडते आणि ती आठवड्यानं कळते. हा दोष गरम गाडी पुन्हा चालू होताना लांब सेल्फ खाण्याचा असतो, चालत्या गाडीला तो सहसा बंद पाडत नाही.

प्रेशर कमी आलं म्हणून पंप काढायचा का? अजून नाही. पंपाच्या सॉकेटवर, पंप चालू असताना, मल्टिमीटर लावायचा. बॅटरीवर १४ व्होल्ट आणि पंपावर १२ च्या खाली, तर दोष वायरचा. पॉझिटिव्ह आणि अर्थ दोन्ही धरून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट नको. तपकिरी झालेला सॉकेट, पावसाळ्यात उंदरानं कुरतडलेली वायर, गंजलेला अर्थचा बोल्ट, रिलेच्या आतली तडकलेली झाळ, हे सगळे पंपाच्या नावावर खपतात. रिलेचा संशय असेल तर त्याच नंबरचा दुसरा रिले, बरेचदा हॉर्नचा, अदलाबदल करून बघायचा. नंबर जुळला पाहिजे, नुसता आकार जुळून भागत नाही. क्लॅम्प मीटर असेल तर पंपाचा करंटही बघा. छोट्या गाडीत साधारण ४ ते ७ अँपिअर. व्होल्टेज पूर्ण असून करंट फार चढलेला असेल तर मोटर घासतेय. फार कमी आणि प्रेशरही कमी, तर ब्रश संपलेत किंवा पंप हवा ओढतोय.

प्रेशर बरोबर, पण पेट्रोलचं प्रमाण कमी, असंही होतं. अर्धा लिटर ३० सेकंदांत, हा गॅरेजमधला सर्वसाधारण ठोकताळा. किटच्या बारीक नळीतून हे मोजता येत नाही. लाइन मोजपट्टीच्या कॅनमध्ये सोडावी लागते, आणि ते काम मेकॅनिकवर सोडलेलं चांगलं.

जिथे हे किट निरुपयोगी

टाकी फुल्ल केल्यानंतर लगेच गाडी लांब सेल्फ घेते, आयडलला डुगडुगते, बंद पडते आणि दोन किलोमीटरनं ठीक होते, तेव्हा काटा अगदी बरोबर दिसेल. पर्ज व्हॉल्व्ह (कॅनिस्टरमधली वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकलेला असतो आणि पेट्रोलची वाफ इंजिनात शिरते. पंपावर नोझल ‘कट’ झाल्यावरही ‘राउंड फिगर करा’ म्हणून वर वर ओतून घेण्याची सवय कॅनिस्टर भिजवते. सिग्नलला क्लच दाबताच बंद पडणारी गाडी बहुधा थ्रॉटल बॉडीच्या कार्बनची. क्लीनर, फडकं आणि आयडल रीलर्न (ईसीयूला आयडल नव्यानं शिकवणं) एवढंच काम. इंजेक्टर क्लीनिंगची बाटली मात्र या सगळ्यातल्या कशावरच उपाय नाही. ती इंजेक्टरच्या तोंडाचा चिकटा थोडाफार काढते. जाळी, रिले, जेट, मोटर यांना तिचा काडीचा उपयोग नाही.

डिझेलवाल्यांनी हे किट कॉमन रेलच्या हाय-प्रेशर बाजूला चुकूनही लावू नये. तिथे आयडललाच २५० ते ३०० बार असतात आणि जोरात १६०० च्या घरात जातात. १० बारचा गेज फुटेल आणि तो फवारा कातडीतून आत घुसतो, ती जखम दिसते टाचणीएवढी आणि बोट गमवायची वेळ आणते. डिझेल गाडी चालता चालता बंद पडत असेल तर आधी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढा, मग फिल्टरपुढे हातभर पारदर्शक नळी घालून बुडबुडे दिसतात का बघा. बुडबुडे म्हणजे टाकी ते फिल्टर या वाटेत कुठेतरी हवा शिरतेय, बहुधा फिल्टरच्या रिंगेतून किंवा क्विक-कनेक्टरच्या ओ-रिंगमधून. रेलचं प्रेशर स्कॅनरवरच बघायचं.

सीएनजीच्या गाड्यांना मात्र किट जरूर लावावं. गॅस मिळतोय म्हणून पेट्रोल कायम तळाला, गाडी चालू करण्यापुरतं. पंप अर्धा कोरडा, पेट्रोल कित्येक महिन्यांचं, इंजेक्टर चिकटलेले. घाटात गॅस संपतो, गाडी पेट्रोलवर बदलते आणि बदलताच बंद पडते. दोष सीएनजी किटला दिला जातो. गेज लावून पेट्रोलवर दहा मिनिटं चालवली की खरं बाहेर येतं. पाव टाकी पेट्रोल आणि रोज चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर, एवढं पथ्य पुरतं.

बाटलीतलं पेट्रोल

किटच्या बटणातून काढलेलं पेट्रोल फेकू नका. काचेच्या बाटलीत अर्धा तास उभं ठेवा. तळाला वेगळा थर किंवा दुधाळपणा दिसला तर पाणी आहे. हल्लीच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच पट्ट्यातल्या उसाचं. इथेनॉल पाणी शोषतं, थोडंफार पाणी त्यात विरघळून निघूनही जातं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि पंप तळातूनच ओढतो. २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरात सांगलीत पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या सेकंडहँड घेताना ही बाटलीची परीक्षा करावीच. इथेनॉल किती आहे ते बघायचं तर मोजनळीत १०० मिलि पेट्रोल, त्यात १० मिलि पाणी, हलवून ठेवा. खालचा थर ३० मिलिच्या आसपास आला तर २० टक्के बरोबर. ही इथेनॉल मोजायची रीत, भेसळ पकडायची नव्हे. पेट्रोल पंपावर ग्राहक फिल्टर पेपर टेस्ट मागू शकतो. कागदावरचा थेंब उडून गेल्यावर डाग राहता कामा नये.

घ्यायचं कोणी? स्वतः गाडीखाली जाणाऱ्यानं आणि प्रत्येक छोट्या गॅरेजवाल्यानं. बाकीच्यांनी किट विकत घेण्यापेक्षा गॅरेजात एक प्रश्न विचारावा: ‘पंप बदलण्याआधी प्रेशर किती आलं? बंद पडताना किती होतं?’ आकडा सांगता आला नाही तर पंपाचं काम दुसरीकडे दाखवून घ्यावं. खरेदीत ७.८९ आणि ६.३० चे जोड, बंद करायची चावी आणि छाप असलेली नळी या तिन्ही गोष्टी असतील तर तीन हजारांपर्यंत द्यायला हरकत नाही. नसतील तर हजारालाही महाग.

काढताना पुन्हा तीच पद्धत. रिले काढून प्रेशर उतरवायचं, बटण दाबून नळी रिकामी करायची, टी-जोड सोडवून मूळ नळी रेलवर बसवायची. ‘टक्’ ऐकायचा आणि ओढून बघायचं. रिले लावून चावी दोनदा ऑन-ऑफ, टॉर्च, कोरडं फडकं जोडावर दाबून ओल येते का ते बघायचं, आणि फडकं कोरडंच निघालं की मग पहिला सेल्फ.